आबांच्या खिशातले दोन सेल

मी नंदुरबारच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या अकलेबद्दल काय वाटायचं ते तुम्हाला मोकळेपणाने वाटेल. सेल, तारा, बल्ब, शॉर्टसर्किट हे सगळं नववीच्या पोरांपुढे टेबलावर मांडून देण्यात माझी अकरा वर्षं गेली. तरीही रिबेकाताईंचा हात भाजला तो माझ्यामुळे, आणि आमचे आबा, म्हणजे माझे वडील, आजही आमच्या धानोऱ्याच्या घराच्या ओट्यावर बसून माझ्यावर डाफरतात ते त्या भाजलेल्या हातामुळे. त्यांच्या डाफरण्याचा मला पूर्वी फार राग यायचा.

माझी बायको शीला, तिचा मामेभाऊ सुरतेच्या कापड मार्केटमध्ये आहे. चार वर्षांपूर्वी दिवाळीत तो आला तेव्हा त्याने मला वेप दिलं. वेप म्हणजे वाफेची सिगारेट. मुठीत मावेल एवढी पेटी, वर निकोटिनचं गोड वासाचं पाणी, खाली दोन सेल. बटण दाबलं की पाणी तापतं, आणि वाफ ओढायची. ही वस्तू विकायला आपल्याकडे बंदी आहे, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. यानं सिगारेट सुटते, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. सिगारेट सुटली खरी, पण तिच्या जागेवर हे येऊन बसलं. आधी मी दिवसातून चारदा गच्चीवर जायचो, आता दहादा जायला लागलो.

एका संध्याकाळी आबा गच्चीवर वाळत घातलेली मिरची गोळा करायला आले आणि मी वाफेच्या ढगात उभा सापडलो. चौतीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, पण आबांसमोर माझी जीभ अजून शाळेतल्यासारखीच अडखळते. हे काय म्हणून त्यांनी विचारलं आणि मी तोंडाला आलं ते बोलून गेलो. दम्याचं यंत्र आहे, म्हणालो. डॉक्टरने दिलंय, रात्री धाप लागते म्हणून.

थापच मारायची होती तर डोळ्यांची मारायची, गुडघ्यांची मारायची. आमच्या घरात दम्याची थाप मारायला नको होती. आबांचे थोरले भाऊ, मगनकाका, दम्याने गेले. शेवटचे तीन महिने त्यांना आडवं होता येत नव्हतं. आबा त्यांना पाठीशी पाठ लावून बसवून ठेवायचे आणि तसेच दोघे उजेडापर्यंत बसलेले असायचे. हे मला ठाऊक होतं, पण बोलताना आठवलं नाही. बोलून झाल्यावर आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हा आठवलं.

मिरचीची टोपली तशीच ठेवून ते खाली गेले. दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. माझी आई, प्रमिलाबाई, ज्या चुलीवर मिरची भाजायची ती तिने मागच्या दारी नेऊन बसवली. माझ्या उशाखाली ओव्याची पुरचुंडी आली. औषधाचा वास लहान पोरांच्या गोळ्यांसारखा कसा, असं आई विचारायची आणि मी सांगायचो की नवीन औषधं अशीच असतात. आबांनी तर कमालच केली. चाळीस वर्षं ओढलेली बिडी एका दिवसात बंद केली. घरात धूर नको, पोराला दमा आहे, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. तलफ मारायला तंबाखू-चुना सुरू केला आणि सदऱ्याच्या खिशात चुन्याची पितळी डबी आली.

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. शीला रोज सांगत होती. माझ्या सासूने मिरचीच्या धुरात उन्हात बसायचं आणि तुम्ही गच्चीवर वाफा सोडायच्या, या घरात मला मान वर करून बघवत नाही, असं ती म्हणायची. मी उद्या सांगतो म्हणायचो. ज्या खोट्यासाठी माणूस बिडी सोडून बसलाय ते परत कसं घ्यायचं, हे मला समजत नव्हतं. लाजही वाटत होती आणि खोटं कशाला सांगू, ते कौतुकही थोडं आवडत होतं.

मग सेल संपले. वेपमधले सेल पेन्सिल सेलपेक्षा जाड आणि लांब असतात, चार्ज करता येतात. आबांच्या शेतातल्या, डोक्याला बांधायच्या हेडलाईटमध्येही तसेच दिसणारे असतात. वेपचे सेल उघड कोणी विकत नाही, म्हणून मी आठवडे बाजारात टॉर्चवाल्याकडून एक जोडी आणली. मापाला बसली, मला तेवढं पुरे झालं. अंगावर निळं चकचकीत वेष्टण आणि त्यावर किती वीज साठते त्याचा आकडा, मोठ्या अक्षरात, नऊ हजार नऊशे एमएएच. आकडा मोठा म्हणजे माल भारी, असा हिशेब मी केला. सहा महिने झाले नाहीत तोवर पेटी हातात गरम व्हायला लागली. एका सेलचं वेष्टण वरच्या काठाला फाटलं. फाटलेलं मला दिसत होतं. मी तो सेल बोटाने दाबून परत आत बसवत राहिलो.

फेब्रुवारीत मला खोकला झाला. साधाच सर्दीचा खोकला, पण रात्रभर थांबेना. त्यातच पेटी पूर्ण बंद पडली, म्हणून कपाटात टाकून दिली. चौथ्या दिवशी आबांनी विचारलं, यंत्र का घेत नाहीस. मी चिडून म्हटलं, सेल गेलेत त्याचे. एवढं बोलून मी शाळेत निघून गेलो आणि विसरलो. आबा विसरले नाहीत.

त्यांनी कपाटातून पेटी काढली. हेडलाईट उघडायची सवय असल्याने सेल बाहेर काढणं त्यांना अवघड नव्हतं. पूर्वी रेडिओचे सेल उतरले की ते कौलांवर उन्हात ठेवायचे आणि ते सेल आणखी आठ दिवस बातम्या ऐकवायचे. तेच त्यांनी इथे केलं. दोन दिवस ते सेल गच्चीवर मिरचीच्या शेजारी उन्हात पडून होते. तापून फाटलेलं वेष्टण आणखी उलगडलं. तरी पेटी सुरू होईना, तेव्हा तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी शाळेला निघाल्यावर त्यांनी पेटी रुमालात गुंडाळून पिशवीत घातली. नमुना हाताशी असावा म्हणून सेल सदऱ्याच्या खिशात टाकले. त्याच खिशात चुन्याची डबी होती आणि कपाटाची किल्ली होती. कोणाला न सांगता ते नंदुरबारच्या एसटीत बसले.

तिसऱ्या तासाला माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. एक बाई बोलत होत्या, आवाज अगदी शांत. "तुमचे वडील बरे आहेत. आधी एवढं ऐकून घ्या, मग बाकीचं सांगते." असा फोन कसा करावा हे लोकांना शिकवायला हवं. पुढचं सगळं मी उभा राहून ऐकू शकलो ते त्या पहिल्या वाक्यामुळे. नंतर बऱ्याच गोष्टींसाठी त्यांचे आभार मानले, पण या वाक्याचे मानायचे राहून गेले, ते इथे मानतो.

स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. फवारणी पंप, हेडलाईट, स्पीकर दुरुस्त करून मिळतील, अशी पाटी. मी पोहोचलो तेव्हा आबा दारातल्या बाकड्यावर बसून चहा पीत होते. सदऱ्याच्या उजव्या खिशाच्या जागी वाटीएवढं काळं भोक होतं आणि आतून मांडीचा लाल झालेला भाग दिसत होता. आत एक पंचेचाळिशीच्या बाई नळाखाली हात धरून उभ्या होत्या. त्या रिबेकाताई. मूळच्या नवापूरकडच्या, डोंगरातल्या. तळव्यावर आणि दोन बोटांवर मोठे फोड आले होते.

झालं ते असं. आबा बाकड्यावर बसले, पिशवीतून पेटी काढायला वाकले आणि म्हणाले, यंदा ऊन लवकर तापलं, खिसासुद्धा पोळतोय. ताईंनी खिशात काय आहे विचारलं. सेल आहेत, नमुन्याला आणलेत, असं आबा सांगेपर्यंत त्यांनी उठून सरळ आबांच्या खिशात हात घातला. परक्या म्हाताऱ्या माणसाच्या खिशात. चुन्याची डबी सेलच्या वरच्या टोकाला आणि फाटलेल्या वेष्टणाखालच्या उघड्या पत्र्याला एकाच वेळी टेकली होती. पेटी बंद पडली असली तरी त्या सेलमध्ये चार्ज उरलेला होता, म्हणजे शॉर्टसर्किट. नववीचं पुस्तक, प्रकरण विजेचं, टेबल मी मांडतो. ताईंनी डबी, किल्ली, दोन्ही सेल एका मुठीत ओढून काढले आणि दाराजवळ ठेवलेल्या वाळूच्या घमेल्यात फेकले. मग आबांना दंडाला धरून बाहेर ओढलं. ते उंबऱ्याबाहेर पडतात तोच फाटका सेल फुसफुसला आणि कंबरेएवढी ज्वाळा उठली.

मी घमेल्यात पाहिलं. वाळू काळी पडली होती आणि मधोमध सेलची जळकी नळी पडली होती. पितळी डबीच्या कडेला वाटाण्याएवढा खड्डा होता, पितळ वितळलेलं. ती डबी त्या खिशात का होती, हे माझ्या डोक्यात एकेक पायरी मागे जात गेलं. डबी होती कारण बिडी सुटली होती. बिडी सुटली होती कारण मला दमा होता. मी पंपांच्या रांगेत खालीच बसलो.

आबांना माझ्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याचा वेगळाच अर्थ लागला. ते आत आले. पिशवी पुढे करून म्हणाले, "यंत्रले काही व्हयनं नही रे. पिशवीमां व्हतं." मग ताईंकडे वळून, आपली मांडी आणि त्यांचा हात विसरून, विनवायला लागले. "माय, भारीमाना भारी सेल दे. मन्हा पोऱ्याले रातभर दम लागस."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. ती पेटी काय आहे हे त्यांना पहिल्या नजरेतच कळलं होतं, हे मला त्या नजरेत दिसलं. त्यांनी आबांना एवढंच सांगितलं की मांडीला मलम लावायला हवं, तुम्ही बाहेर सावलीत बसा, मी तुमच्या मुलाला सेल दाखवते. शेजारच्या मेडिकलमधून मलम मागवलं. आबा बाहेर बसले आणि मी काउंटरशी उभा राहिलो.

मला वाटलं, आता शिव्या बसतील. बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ताईंनी ओल्या फडक्यात हात गुंडाळला, डाव्या हाताने घमेल्यातून उरलेला सेल चिमट्याने उचलला आणि छोट्या वजनकाट्यावर ठेवला. एकतीस ग्रॅम. मग कपाटातून आपल्याकडचा एक सेल काढून ठेवला. सेहेचाळीस. "या मापाचा खरा सेल पंचेचाळिसाच्या आसपास भरतो," त्या म्हणाल्या. "आत माल असेल तर वजन असेल." या मापात नऊ हजार नऊशे हा आकडा कोणालाच गाठता आलेला नाही, चांगल्यातले चांगले सेल साडेतीन हजारापाशी थांबतात, म्हणून जितका मोठा आकडा तितकं मोठं खोटं, असं त्यांचं सांगणं. खोटं हा शब्द त्यांनी सहज वापरला, मला मात्र टोचला.

त्या बोलत राहिल्या. सेल किती वेळ चालतो एवढंच लोक विचारतात, एका दमात किती करंट देऊ शकतो हे कोणी विचारत नाही. हेडलाईट थोडं मागते, फवारणी पंप जास्त मागतो आणि ही तुमची पेटी त्याहूनही जास्त ओरबाडते, म्हणून टॉर्चचा सेल तिच्यात तापतो. दोन सेल लागत असतील तर एकदम घेतलेले, एकत्र वापरलेले, एकत्र चार्ज केलेले हवेत. त्यांच्या कपाटात प्रत्येक जोडीवर नेलपॉलिशचा एकसारखा ठिपका होता, लाल लालसोबत, जांभळा जांभळ्यासोबत. वेष्टण फाटलं की सेल वापरायचाच नाही. आणि सुटा सेल खिशात कधीच नाही, प्लास्टिकच्या डबीत, एकटा. मी मान हलवत होतो. पोरांना शिकवतात त्यातलं निम्मं मला ठाऊक होतं आणि ठाऊक असलेलं काहीच मी केलं नव्हतं.

मग त्या थांबल्या. बाहेर आबांकडे नजर टाकून आवाज खाली आणला.

"माझ्याकडे खरे सेल आहेत, या पेटीला चालतील असे. पण या पेटीसाठी मी देणार नाही. बंदीची वस्तू आहे म्हणून तर नाहीच, आणि बाबा आल्यापासून तुमच्या श्वासाबद्दल मला सांगतायत म्हणूनही नाही. मी त्यांना काही बोललेले नाही. ते तुम्ही बोलायचं."

मी विचारलं, आज बोलायलाच हवं का, त्यांना आधीच एवढा धक्का बसलाय. भित्रा माणूस दयेचा आव किती पटकन आणतो पहा. ताई म्हणाल्या, मी आज सेल दिले नाहीत तर ते उद्या दुसऱ्या दुकानात जातील, आणि परवा तिसऱ्या. तसा बाप आहे तो. मग त्या पलीकडे ठेवलेला पंप ओढून डाव्या हाताने त्याचे स्क्रू काढायला लागल्या.

पेटी मी काउंटरवर ठेवून दिली. उरलेल्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्यांनी तो मोडीच्या डब्यात टाकला, पेटीही त्यातच टाकली. त्या दिवसानंतर मी कधीच ओढलं नाही, असं लिहायला आवडलं असतं. दोनदा सहकाऱ्याची सिगारेट मागून ओढली आणि दोन्ही वेळा घरी येऊन शीलाला सांगितलं. पण पेटीकडे परत गेलो नाही.

बाहेर आबांशेजारी बसलो. त्यांनी आधी विचारलं की सेल मिळाले का. मी नाही म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला, धुळ्याला मिळतील का विचारायला लागले. मी त्यांच्या हातातला रिकामा कप काढून खाली ठेवला.

"आबा, मले दमा नही."

"कमी व्हयना?"

"नव्हताच. कधीच नव्हता. हाई यंत्र नही शे. सिगारेट शे, वाफनी. मी खोटं सांगं."

मी वाट पाहत होतो. लहानपणी एकदा शाळा बुडवली म्हणून त्यांनी मला उसाच्या शेतातून घरापर्यंत कानाला धरून आणलं होतं, आणि ते कान आजही जागेवरच होते. सगळं गाव मला हसेल, आई बोलायची बंद होईल, आबांनी तीन वर्षं केलेलं सगळं मातीत गेलं, हे सगळं त्यांच्या मनात आता येईल आणि मग हात उठेल. उठावा, असं मला मनापासून वाटत होतं.

"तुले दमा नही?" त्यांनी परत विचारलं.

"नही."

"मगनसारखं व्हवाव नही ना?"

"नही, आबा."

त्यांनी टोपी काढली. तिनेच तोंड पुसलं, पण पुसून थांबेना, म्हणून टोपी तोंडावर तशीच धरून बसले. त्यांची पाठ हलत होती. मी पाठीवर हात ठेवला तेव्हा समजलं की तीन वर्षं हा माणूस माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे माझा श्वास मोजत झोपत होता, आणि झोपतही नसेल. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण ते बाकड्यावरून उठलेच.

जळका सदरा सावरत ते लंगडत दुकानात शिरले. मी मागोमाग गेलो, आता ताईंसमोर माझी काढतील म्हणून. ते काउंटरपुढे उभे राहिले, टोपी नीट डोक्यावर घातली आणि हात जोडले.

"माय," ते म्हणाले, "मन्हा पोऱ्याले दमा नही."

रिबेकाताईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. उभ्या राहिल्या. फडकं गुंडाळलेला हात दुसऱ्या हाताला जोडून म्हणाल्या, "फार चांगलं झालं, बाबा. प्रभूची कृपा." मग त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि आबा त्यावर बसून त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लागले, जणू ताईंनीच मला बरं केलं होतं. ताई पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या ऐकत राहिल्या.